भाचेबुवांची सुधारणा

तीन मिनिटांत माणसाला काय काय करता येतं याचा मी अलीकडे बराच विचार केला. (विचाराला तीन मिनिटांहून पुष्कळ जास्त वेळ लागला, हे ओघानं आलंच.) तीन मिनिटांत अंडं अर्धवट उकडतं. दाढीचा एक गाल होतो. मंडळींचं लक्ष मोदकांकडे असेल तर गणपतीची आरती होते. आणि तेवढ्यात माझा भाचा सोळा मोहऱ्यांची फौज घेऊन लिमातल्या किंवा लाहोरातल्या कुणा अनोळखी माणसावर चालून जातो, त्याचा वजीर मारतो, स्वतःचा घालवतो, शेवटी कुणाचा तरी राजा पडतो नाहीतर कुणाचं तरी घड्याळ पडतं, आणि चिरंजीव पाणी प्यायलाही न उठता पुढच्या स्वारीवर निघतात. पानिपतला अख्खा दिवस लागला होता.

खुलासा करतो. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिनिटं, म्हणजे सगळा मिळून सहा मिनिटांच्या आतला मामला. याला ब्लिट्झ म्हणतात. शब्द जर्मन, अर्थ वीज. वीज विचार करून कोसळते असं कुणी म्हणत नाही, तेव्हा नाव ठेवणाऱ्यानं मात्र विचार करूनच ठेवलं असावं. हे डाव मोबाइलवर खेळतात. लिचेस नावाचं एक संकेतस्थळ आहे, चेस डॉट कॉम नावाचं दुसरं. तिथे दिवसाच्या कुठल्याही प्रहरी बटण दाबलं की पाच-दहा सेकंदांत तुमच्या तोलामोलाचा शत्रू हजर होतो. आमच्या वेळी शत्रू मिळवायला नोकरी करावी लागे.

भाचेबुवांचं तिथलं रेटिंग २,३०० आहे. रेटिंग ही कल्पना अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापकाची. जागतिक बुद्धिबळ संघटनेनं ती १९७० साली स्वीकारली. तिचं सार असं, की दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्यानं खालच्याकडून चार डावांत साधारण तीन गुण काढावेत. संकेतस्थळांनी सूत्र बदललंय, तत्त्व तेच. लग्नाच्या पत्रिकेत ३६ गुण जुळले तरी दोन्ही घरं हरखून जातात. इथे २,३०० असूनही मुलगा असमाधानी, कारण दोन वर्षं तो २,३०० वरच आहे. वर चढतो ५०, खाली येतो ५०. डोंबिवलीच्या गाडीत दारापाशी उभा असलेला माणूस जसा प्रत्येक स्टेशनाला उतरतो आणि पुन्हा चढतो, तसं.

असा हा मुलगा माझ्याकडे आला तो दोन शिफारशी घेऊन. आदल्या रात्री ताईचा फोन : "अरे, तो उद्या येतोय तुझ्याकडे. त्याला जरा सुधार." दुसऱ्या दिवशी चपला काढता काढता भाचेबुवा म्हणाले, "मामा, मला सुधारायचंय." मायलेकांचं असं एकमत त्या घरात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मला भरून आलं. मग लक्षात आलं की हा आपल्या भाषेचा खट्याळपणा आहे. मराठीत दारू सोडणाराही सुधारतो आणि पेटीवर ज्याची बोटं चांगली चालायला लागतात तोही सुधारतो. ताईला पहिला अर्थ अभिप्रेत होता, भाच्याला दुसरा. आणि दोघांनी मिळून वैद्य म्हणून मला नेमलं होतं.

मला का, तर मी एके काळी बुद्धिबळ खेळायचो. पण तेही पोस्टकार्डावर. एक चाल लिहायची, पेटीत टाकायची, आठवड्यानं उत्तर यायचं. एक डाव दीड-दोन वर्षं चाले. एवढ्या काळात भाचेबुवांच्या पद्धतीनं खेळणाऱ्याचा नातू पंचवीस हजार डाव खेळून मोकळा होईल. थोडक्यात, विमानाच्या वैमानिकाला उड्डाण सुधारायला बैलगाडीवाल्याकडे पाठवलं होतं.

बैलगाडीवाल्यानं आधी हिशेब मांडला. आजवर डाव किती? २४,०००. एका डावाला सरासरी पाच मिनिटं धरली तर २,००० तास. रोजचे आठ तास धरले तर २५० दिवस. म्हणजे सुट्ट्या-रविवार वजा जाता एका सरकारी नोकराचं अख्खं वर्ष, तेही मधल्या चहाशिवाय. ऐकून भाचेबुवा जरा गंभीर झाले. "मग एवढं खेळून मी सुधारत का नाही?" त्यांनी विचारलं.

प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर परदेशातल्या विद्वानांनी फार आधी शोधलेलं आहे. अड्रियान डी ग्रूट नावाचा एक डच मानसशास्त्रज्ञ होता, स्वतः चांगला खेळाडू. त्यानं १९४६ साली प्रबंध लिहिला आणि दाखवून दिलं की मोठे खेळाडू आपल्यापेक्षा फार खोलवर चाली मोजतात, हा आपला भाबडा समज आहे. ते मोजत कमी आणि ओळखत जास्त असतात. पुढे १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन या दोघांनी (यांतल्या एकाचं आडनाव खरोखरच चेस होतं, स्पेलिंग वेगळं) हेच आणखी पक्कं केलं. खऱ्या डावातला पट काही सेकंद दाखवून झाकला, तर उस्ताद तो जवळजवळ जसाच्या तसा मांडून दाखवी. मोहरी कशीही विस्कटून ठेवली, तर तोच उस्ताद तुमच्या-माझ्या पंगतीला येऊन बसे. म्हणजे स्मरणशक्ती अचाट नव्हे, ओळख दांडगी. गावातल्या पोस्टमनला पत्ता वाचावा लागत नाही, तसं.

तेव्हा तीन मिनिटांच्या डावात डोकं खेळत नाही, डोक्यात साठलेलं खेळतं. आता गोम अशी की साठवणीच्या डब्यात तांदूळ गेले तर तांदूळ येतात, खडे गेले तर खडे. २४,००० डावांत जे बरोबर शिरलं ते हातात पक्कं बसलंच, पण जे चुकीचं शिरलं तेही तितक्याच इमानानं बसलं. त्यात कच्च्या खेळाडूचं नशीब चांगलं. त्याची चूक त्याला लगेच मारते. तो हरतो, हळहळतो, शहाणा होतो. पक्क्या खेळाडूची चूक त्याला मारत नाही. उलट पगार देते.

भाचेबुवांचंच पाहा. त्यांची एक खास खोड आहे. डाव जरा मंदावला की आपल्याच राजापुढची प्यादी ते धडाधड पुढे ढकलतात. स्वतःच्या घराचं दार काढून त्यानं शेजाऱ्याला मारायला धावावं, असा हा प्रकार आहे. स्टॉकफिश नावाचा जो फुकट मिळणारा संगणकी पंडित आहे (तो आज जगातल्या कुठल्याही माणसाला हरवतो आणि चेहरासुद्धा बदलत नाही, कारण त्याला तो नाही), तो या चालीला दोन प्रश्नचिन्हं देतो. पण समोरचा माणूस काही स्टॉकफिश नसतो. तो दचकतो. तीस सेकंद विचार करतो. दुसऱ्या प्याद्याला आणखी वीस. मग पुढे त्याचं घड्याळ पडतं आणि भाचेबुवांना आठ गुण मिळतात. या प्रकाराला ते 'प्रॅक्टिकल चान्स' म्हणतात.

हाच प्रॅक्टिकल चान्स त्यांनी गेल्या मे महिन्यात एका खऱ्या स्पर्धेत घेतला. खऱ्या म्हणजे खुर्चीवर बसून, लाकडी मोहऱ्यांनी, दीड-दीड तासाचं घड्याळ लावून. समोर सांगलीकडची एक अकरा वर्षांची मुलगी होती. सांगली हे भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव, तिथल्या पोरांना बुद्धिबळ आमटीतून देत असावेत. भाचेबुवांनी प्यादी ढकलली. मुलीनं पटाकडे पाहिलं. डबा उघडून एक बिस्किट खाल्लं. पंचवीस मिनिटं विचार केला. मग आणखी एक बिस्किट खाल्लं आणि ते प्यादं मारलं. डाव संपला तेव्हा भाचेबुवांची एकूण अकरा मिनिटं खर्च झाली होती. एक तास एकोणीस मिनिटं शिल्लक ठेवून ते हरले. एवढी बचत आमच्या खानदानात कुणी केलेली नाही.

इथवर प्रकरण खेळाचं होतं. इथून पुढे ते नीतीचं झालं, आणि तेही माझ्या इच्छेविरुद्ध. मी त्याला म्हटलं, "तुझे हरलेले डाव नकोत, जिंकलेले दाखव." त्यानं आदल्या रात्रीचा एक डाव काढला. त्यात शेवटी समोरच्याकडे वजीर, दोन हत्ती. याच्याकडे राजा आणि एक प्यादं. ते प्यादंही असं अडकलेलं की दहा चालींत जागचं हललेलं नाही. पण समोरच्याच्या घड्याळात चार सेकंद आणि याच्यात एकोणीस. यानं राजाला नुसता इकडून तिकडे पळवला. घड्याळ पडलं. भाचेबुवा विजयी.

नियम सांगतो, कारण तो मजेदार आहे. वेळ संपली की माणूस हरतो. पण समोरच्याकडे मात करण्याइतकंही सैन्य नसेल, म्हणजे नुसता राजाच असेल, तर डाव बरोबरीत धरतात. एक प्यादं असलं तर मात्र नाही, कारण ते प्यादं केव्हातरी, कुठल्यातरी युगात, वजीर होऊ शकलं असतं. म्हणजे भाच्याच्या विजयाचा शिल्पकार ते प्यादं. त्यानं केलं काय? काही नाही. ते फक्त सेवेत राहिलं. निवृत्तीपर्यंत टेबल न सोडल्यामुळे बढती मिळालेले कितीतरी लोक मला आठवले.

"हा तू जिंकलास?" मी विचारलं.

"जिंकलोच. आठ गुण."

"पण डाव तर तू हरलेला होतास."

यावर भाचेबुवांनी जो युक्तिवाद केला तो पोरकट मुळीच नव्हता. ते म्हणाले, "मामा, त्यालाही तीन मिनिटं होती, मलाही तीन. त्याच्या त्या सुंदर चाली कशातून आल्या? त्या तीन मिनिटांतूनच. त्यानं उधळले, मी जपले. दिवाळं त्याचं निघालं, त्यात माझं पाप काय? घड्याळ हे तेहतिसावं मोहरं आहे." मी गप्प झालो. वाणी उधारी वसूल करतो तेव्हा आपण त्याला बेइमान म्हणत नाही.

तरीही काहीतरी खुपत होतं. जुन्या देशी बुद्धिबळात कसं जिंकलात याला किंमत होती. प्याद्यानं मात केली तर ती प्यादेमात, तिचा मान सगळ्यांत मोठा. समोरच्याची सगळी मोहरी खाल्ली आणि नुसता राजा उरला, तर ती बुर्जी. ती काही मात नव्हे. नुसतं खाऊन कुणी मोठा होत नाही, हे त्या लोकांना कळत होतं. आता मात करा, कंटाळवा, पळवा, समोरच्याच्या घरची वीज जाऊ द्या, आठ म्हणजे आठ. दुकानदार नोट घेताना ती घामाची की लॉटरीची, हे पाहत नाही, तसं.

हा वाद मामा-भाच्यांचा नाही, बराच जुना आहे. शंभरावर वर्षांपूर्वी जर्मनीत टाराश नावाचे पेशानं डॉक्टर असलेले मोठे खेळाडू होते. त्यांची श्रद्धा अशी की पटावरच्या प्रत्येक प्रसंगी एक खरी चाल असते आणि ती शोधणं हे आपलं काम. दुसरे लास्कर, गणितात डॉक्टर आणि वर तत्त्वज्ञ. ते म्हणत की हा झगडा आहे, आणि झगड्यात समोर माणूस असतो. लास्कर १८९४ पासून १९२१ पर्यंत जगज्जेते होते, आणि १९०८ साली त्यांनी टाराशना सामन्यात हरवलं. आपल्याकडे सत्यमेव जयते म्हणतात. १९०८ च्या निकालावरून सत्याला विश्रांतीचा सल्ला द्यावासा वाटतो. पण टाराशांच्या पुस्तकांवर कितीतरी पिढ्या खेळायला शिकल्या, आणि लास्करसारखं खेळायला मात्र मुळात लास्कर असावं लागतं, हेही तितकंच खरं.

"आणि तुमचा तो फिशर?" भाच्यानं विचारलं. फिशर माझा आहे हे मला तेव्हाच कळलं. पण आठवण बरी होती. १९७० च्या एप्रिलात तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या हेर्सेग नोवी इथे पाच-पाच मिनिटांच्या डावांची एक स्पर्धा झाली. ताल, पेट्रोशियन, स्मिस्लोव असे माजी जगज्जेते होते. फिशरनं २२ डावांत १९ गुण मिळवले. दुसरा आला ताल, साडेचार गुण मागे. तर हा जगातला त्या वेळचा सगळ्यांत वेगवान माणूस. यानं पुढे काय केलं? १९८९ साली एका घड्याळाचं अमेरिकन पेटंट मिळवलं. त्या घड्याळाची खुबी ही, की प्रत्येक चालीनंतर खेळाडूच्या खात्यात थोडा वेळ जमा होतो. जिंकलेला डाव नुसत्या काट्यापायी कुणाच्या हातून जाऊ नये, यासाठी. आपल्या वेगामुळे इतरांची घड्याळं पडतात याचा ज्याला सगळ्यांत जास्त फायदा, त्यालाच ही सोय सुचली. आज ब्लिट्झच्या जागतिक स्पर्धेतही तीन मिनिटं आणि वर दर चालीला दोन सेकंद असतात.

मी भाच्याला एवढंच सांगितलं, की तीन आठवडे ते दोन सेकंद घेऊन खेळ. आणि समोरच्यालाही घेऊ दे.

तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा चेहरा उतरलेला. १४० गुणांनी घसरला होता. पळता राजा आणि चिकट प्यादं यांचा धंदा बसला होता. दोन-दोन सेकंदांत ते लिमावाले वजीर घेऊन येत आणि शांतपणे मात करून जात. तो बसला, थोडा वेळ बोलला नाही, आणि मग त्यानं विचारलं, "मामा, म्हणजे ते १४० माझे नव्हतेच का?"

याचं उत्तर मला झटकन देता आलं नाही. कारण मनात आलं, माझे तरी किती आहेत? आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एक सभासद आहेत. त्यांचे मुद्दे अजून कुणाला कळलेले नाहीत, पण ते रात्री साडेअकरापर्यंत बोलतात. माणसं घरी जातात, आणि साडेअकराला उरलेले चारजण ठराव मंजूर करतात. हे घड्याळावरच जिंकणं. मालक-भाडेकरूंचे असे दावे असतात की वकीलपत्र आजोबांनी दिलेलं असतं आणि निकाल नातू ऐकतो. मुद्दा कुणाचा खरा हे कोर्टाला कळायच्या आधीच एका बाजूचं घड्याळ पडलेलं असतं, आणि दुसरी बाजू पेढे वाटते. दोन भावांत जो जास्त दिवस अबोला धरू शकतो त्याचं म्हणणं घरात खरं ठरतं. १४० गुण काढून घेतले तर आपल्यापैकी पुष्कळांच्या इभ्रतीला दोरीवर वाळत घालण्याइतकंही कापड उरणार नाही.

तेव्हा मी त्याला उत्तर न देता पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली. कऱ्हाडचे एक निवृत्त शिक्षक आणि मी, एकोणीस महिने आमचा एक डाव चालला होता. त्यांना मी कधी पाहिलं नाही. अक्षर मात्र असं, की चालीच्या आधी ते पाहत बसावं. एकदा पाच आठवडे उत्तर नाही. मग कार्ड आलं ते वेगळ्या अक्षरात. लिहिलं होतं, वडील गेले, टेबलावर तुमच्यासाठी लिहून ठेवलेली चाल सापडली, मला यातलं कळत नाही, जशीच्या तशी उतरवून पाठवतो. चाल पटावर मांडून पाहिली. चांगली होती. तिच्यानंतर माझा हत्ती वाचत नव्हता. घड्याळ त्यांचं पडलेलं आणि डाव माझा बुडालेला. मी उलट टपाली कळवलं की हा डाव तुमच्या वडिलांनी जिंकला आहे.

भाचेबुवा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण मामा, तेव्हा तुला रेटिंग नव्हतं."

हे मात्र त्यानं अचूक हेरलं. आमच्या पोस्टकार्डी बुद्धिबळात गुणच नव्हते, त्यामुळे मोठेपणा स्वस्त होता. ज्याला आठ गुणांवर पाणी सोडायचं असतं त्याच्यापुढे माझं कार्ड फार मिरवायला नको, हे मला पटलं.

मग आम्ही कामाला लागलो. बैलगाडीवाल्याचे उपाय साधेच असतात. दोन डाव लागोपाठ हरलास की त्या दिवशी बंद. रागानं खेळलेला तिसरा डाव कुणाचाच नसतो. सुरुवातीच्या चालींचे चौदा प्रकार अर्धेमुर्धे जाणण्यापेक्षा दोनच जाण, म्हणजे आठव्या चालीला वीस सेकंद जाणार नाहीत. डावाचा शेवट शीक, राजा-प्यादी आणि हत्ती-प्यादी, कारण शेवटच्या दहा सेकंदांत विचार करायला वेळ नसतो आणि हाताला आधीच माहीत असावं लागतं. आठवड्यातून एक लांबलचक डाव खेळ. इथे तो उसळला. "दिव्या देशमुखनं वर्ल्ड कप फास्टमध्येच जिंकला ना?" जिंकला. जुलै २०२५, बाटुमी, एकोणीस वर्षांची नागपूरची मुलगी, आणि समोर कोनेरू हंपी. पण ते जलद डाव आले कधी? दोन संथ डाव बरोबरीत सुटल्यावर. आणि तिथवर पोचताना ती संथही खेळलीच. आनंदलाही पोरवयात 'लायटनिंग किड' म्हणत. समोरचे तासभर डोकं धरून बसत आणि हा काही मिनिटांत चाल करून हिंडायला मोकळा. पण तो घाईनं खेळत नव्हता, त्याला लवकर दिसत होतं. २०१७ च्या डिसेंबरात, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो जलद बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. ते व्याज होतं. मुद्दल हळूच जमा होतं. आता हे शेवटचं वाक्य मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो मोबाइलमध्ये पाहत होता, पण ताईनं फोनवर ते ऐकलं आणि तिला फार आवडलं. तिला वाटलं मी मुदत ठेवीबद्दल बोलतोय.

शेवटचा उपाय मात्र माझा स्वतःचा आहे. एक दोनशे पानी वही. तीत फक्त जिंकलेले डाव लिहायचे, आणि स्टॉकफिशला विचारायच्या आधी स्वतः ठरवायचं. डावीकडच्या पानावर मिळवलेले, उजवीकडच्या पानावर मिळालेले. पहिल्या आठवड्यात उजवं पान भरून पुरवणी लावावी लागली. भाच्याचा मान असा की त्यानं ती लावली. राजापुढची प्यादी ढकलून आलेले सगळे विजय त्यानं मुकाट्यानं उजवीकडे लिहिले. हरल्यावर पश्चात्ताप कुणीही करतो, त्यात खर्च काही नसतो. जिंकलेल्याचा पश्चात्ताप करायचा म्हणजे मिळालेला बोनस साहेबाला परत नेऊन देण्यासारखं आहे, आणि तसं करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तरी दोन महिन्यांत ती प्यादी घरी बसायला लागली. गेलेल्या १४० पैकी ९० परत आले. ताईचा फोन आला, "काय रे, सुधारतोय का?" मी म्हटलं, "दिवसाला तीसऐवजी आठ डाव खेळतो." ती म्हणाली, "मग सुधारलाच की." दोन्ही अर्थांना एकच औषध लागू पडलं, असं क्वचित होतं.

पण परवा तो वही घेऊन आला तो चक्रावून. आदल्या रात्री मित्राच्या हट्टापायी पुन्हा दोन सेकंदांशिवायचा एक डाव खेळला होता. नेमकी तीच अवस्था, याच्याकडे राजा आणि अडकलेलं प्यादं, समोरच्याकडे वजीर, घड्याळात पाच सेकंद. एरवी यानं राजा पळवला असता. पण याला आठवलं की २०२४ च्या ३१ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये कार्लसन आणि नेपोम्नियाची यांनी ब्लिट्झचं जगज्जेतेपदसुद्धा वाटून घेतलं होतं. अंतिम सामना साडेतीन-साडेतीन असा अडून बसला, तेव्हा दोघांनी विचारलं, संघटनेनं हो म्हटलं. पुष्कळ लोक रागावले, पण झालं. तेव्हा यानंही मोठ्या मनानं बरोबरीचा प्रस्ताव पाठवला. समोरच्याच्या पडद्यावर तो उमटला. त्या बिचाऱ्याला बहुधा खरंच वाटेना. एवढं हरलेला माणूस बरोबरी मागतो म्हणजे काहीतरी डाव असणार, म्हणून तो जरा थांबला. थांबला आणि घड्याळ पडलं. भाचेबुवांना आठ गुण.

"मामा, हा डावीकडे लिहू की उजवीकडे? मी तर सोडायलाच निघालो होतो."

मी वही घेतली. दोन्ही पानं पाहिली. चष्मा पुसला. प्रस्ताव पाठवताना त्याच्या मनात खरोखर मोठेपणाच होता का, की पाच सेकंदांत समोरच्याला वाचायला लावण्यातला फायदा हाताला आधीच माहीत होता, हे विचारावं असं वाटलं. पण त्या हाताला तरी ते कुठे ठाऊक असणार? मी म्हटलं, "उद्या सांगतो."

"बघ," तो वही बंद करत म्हणाला, "तू नेहमी टायमावर हरतोस."